लग्नाचा पंचविसावा वाढदिवस ग्रेनेडात: सात रात्री कशा घालवाव्यात

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणारं मराठी जोडपं, येत्या मे महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. पूर्वी एका क्रूझवरून चार-पाच तास कॅरिबियन समुद्रातलं ग्रेनेडा पाहिलं होतं, तेव्हापासून ते बेट मनात घर करून आहे. आता तिथे सात रात्री राहायचंय. ती शाकाहारी आहे आणि तिला पोहता येत नाही. त्याला समुद्रही हवा आणि डोंगरही. मुक्काम कुठे करावा, खाण्याचं काय, आणि ठरवताना हमखास काय चुकतं?

मे महिना तुमच्या पथ्यावर पडलाय. ग्रेनेडात जानेवारी ते मे कोरडा हंगाम असतो आणि हॉटेलांचे चढे दर साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. म्हणजे मेमध्ये हवा कोरडी, दर उतरलेले आणि क्रूझ जहाजांची गर्दीही ओसरलेली. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. बेट 12 अंश अक्षांशावर, म्हणजे बहुतेक वादळांच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, म्हणून 'ग्रेनेडाला वादळ लागत नाही' असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हननं बेटावरची बहुतेक छपरं उडवली आणि जायफळाच्या बागा आडव्या केल्या. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळ शेजारच्या कॅरियाकू बेटावर थेट आदळलं. ज्यांच्या लग्नाची तारीख पावसाळ्यात येते त्यांनी प्रवासविमा तिकिटाबरोबरच घ्यावा. वादळाला नाव पडल्यानंतर काढलेला विमा त्या वादळाची भरपाई देत नाही.

कागदपत्रांत एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा. भारतीय पासपोर्टला ग्रेनेडात शिरायला व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि सहा महिने वैध पासपोर्ट पुरतो. अडचण येते ती परतताना. तुम्ही एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल आणि पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल, तर फक्त आय-797 (मंजुरीचा कागद) दाखवून परत शिरता येणार नाही. तीस दिवसांच्या आतल्या प्रवासाची जी सवलत आहे, ती एच-वन-बीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोपुरतीच. कॅरिबियन बेटांसाठी ती फक्त एफ आणि जे (विद्यार्थी आणि देवाणघेवाण कार्यक्रमांच्या) व्हिसावाल्यांना मिळते. दोघांचंही ऐकीव ज्ञान बहुधा 'जवळचीच बेटं आहेत, चालतं' असं असतं, आणि ते चेक-इनच्या काउंटरवर महागात पडतं. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न नाही.

पुण्या-मुंबईहून हाच बेत करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकेमार्गे जाताना नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. आणि त्रिनिदादमार्गे तिकीट स्वस्त मिळालं तर पिवळ्या तापाची लस आठवणीत ठेवा: त्रिनिदाद भारताच्या यादीत आहे, तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात राहावं लागतं. लस टोचल्यानंतर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड वाचा. ग्रेनेडाचा जीएनडी, जीआरएक्स म्हणजे स्पेनमधलं ग्रनाडा. ही चूक खरोखर होते. न्यू यॉर्कहून थेट विमान साधारण पाच तासांत पोचवतं.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब आणि 19 रुंद आहे. रस्ते वळणाचे असले तरी कुठूनही कुठेही जाऊन संध्याकाळी परत येता येतं. दोन हॉटेलांत विभागलेल्या सात रात्रींतला एक अख्खा दिवस बॅगा भरण्यात जातो. तुमच्यासाठी ग्रँड आन्सचा किनारा योग्य. सुमारे तीन किलोमीटरची पांढरी वाळू, पश्चिमेला तोंड, विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटं, आणि सुपरमार्केट, बँक, बसथांबा चालत जाण्याच्या अंतरावर. दक्षिणेकडच्या ट्रू ब्लू आणि लान्स ओ एपीन भागात चांगली हॉटेलं आहेत, वाराही भरपूर, पण किनारा लहान आणि संध्याकाळी बाहेर पडायला टॅक्सी लागते.

सगळं जेवण धरून घेतलेलं रिसॉर्ट मी तुम्हाला सुचवणार नाही. शाकाहारी माणसाचे तिथे मासे-मटणाचे पैसे भरले जातात आणि ताटात पास्ता येतो. त्याऐवजी छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या: दोन शेगड्या, फ्रिज, एक पातेलं. ग्रँड आन्स वाऱ्याच्या आडोशाला पडतो, म्हणून वरच्या मजल्यावरची, दोन बाजूंना खिडक्या असलेली खोली मागा. वीज 230 व्होल्टची आणि प्लग इंग्लंडसारखा, तीन चपट्या पिनांचा. अमेरिकेतला हेअर ड्रायर किंवा इस्त्री नुसत्या ॲडॅप्टरवर लावली तर जळते, कारण ती 120 व्होल्टची असते. मोबाइलच्या चार्जरला अडचण नाही. भारतातली उपकरणं व्होल्टेजला चालतात, पिनेचं रूपांतर मात्र लागतंच.

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, म्हणजे ईसी. तो 1976 पासून एका अमेरिकी डॉलरला 2.70 या दरानं बांधलेला आहे. बोलताना दोन्हींना 'डॉलर'च म्हणतात, म्हणून टॅक्सीत बसण्याआधी 'ईसी की यूएस?' हे विचाराच. साठ ईसी आणि साठ यूएसमध्ये जवळजवळ तिप्पट फरक आहे, आणि गैरसमज खरा असतो, फसवणूक असेलच असं नाही. हॉटेलांत बिलावर कर आणि 10 टक्के सर्व्हिस चार्ज चढतो. मेनूवरचा आकडा त्यासकट आहे का, तेही पाहून घ्या.

आता खाण्याचं, कारण इथे मराठी शाकाहारी माणसाला जेवढं ओळखीचं भेटतं तेवढं बाकी बेटांवर क्वचित भेटतं. तिकडचं कॅलालू म्हणजे अळूची पानं. डॅशीन म्हणजे अळकुड्यांच्याच जातीचा कंद. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला नीरफणस. कच्ची केळी तिथे 'ग्रीन फिग' म्हणून मिळतात. अंजीर समजून घेऊ नका. आणि बाजारात पिवळ्याजर्द पुडीवर 'सॅफ्रन' लिहिलेलं दिसलं तर ते केशर नसून हळद असते, ग्रेनेडात हळदीला तसंच म्हणतात. या सगळ्याचं एकत्र पातेलं म्हणजे ऑइल डाउन, त्यांचं राष्ट्रीय जेवण: तळाशी खारवलेलं मांस, वर नीरफणसाच्या फोडी, हळद घातलेलं नारळाचं दूध, पिठाचे लांबट गोळे आणि सगळ्यांत वर अळूची पानं. दूध आटून तेल तळाला उतरेपर्यंत शिजवतात, त्यावरूनच नाव. मांसाशिवाय ते उत्तम होतं, पण आयत्या वेळी मागून मिळत नाही, कारण मांस तळाशीच असतं. एक दिवस आधी सांगा आणि नेमक्या शब्दांत सांगा: खारा मासा नको, डुकराची शेपटी नको, चिकनचा स्टॉक नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर स्टॉक बऱ्याचदा राहून जातो.

रास्ताफारी पंथाच्या मंडळींच्या टपऱ्यांवर 'आयटल' पाटी दिसली की बसा. तो बहुधा शुद्ध शाकाहार असतो (काही जण मासे चालवतात, म्हणून एकदा विचारा), मीठ अगदी कमी किंवा नाहीच, म्हणून खिशात मिठाची पुडी ठेवा. रोटीच्या गाड्यांवर बटाटा-चण्याची करी भरलेली रोटी मिळते. ही रोटी आपल्याच लोकांबरोबर तिथे गेली. 1 मे 1857 ला 'मेडस्टोन' नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन ग्रेनेडाला लागलं. वाटेतच ऐंशीच्या वर माणसं दगावली होती. तुमची तारीख मेच्या पहिल्याच आठवड्यात असेल तर त्या दिवसाची आठवण ठेवून रोटी खा.

सकाळी 'कोको टी' मागा. कोकोच्या बिया कुटून केलेली गोळी, दालचिनी, तमालपत्र, जायफळ घालून उकळतात. दूध घालायचं का ते विचारतात. पहिला कप बिनदुधाचा घेऊन बघा.

समुद्राचा भाग पोहता न येणाऱ्या माणसाच्या बाजूनं ठरवा, म्हणजे दोघांनाही सुख लागेल. पहिल्या सकाळी ग्रँड आन्सच्या पलीकडच्या मोर्न रूज किनाऱ्यावर जा. तिथे उपसागर आत वळलेला आहे, पाणी शांत आणि बऱ्याच अंतरापर्यंत कमरेइतकंच. मास्क आणि स्नॉर्कलची सवय इथे करा. मास्क चेहऱ्याला लावून पट्टा न ओढता नाकानं श्वास आत घ्या. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीमुळे पाणी आत येतं, तिथे थोडं व्हॅसलिन चोळा. काचेला आतून थुंकी फासून विसळली की धुकं धरत नाही. सुती पंजाबी ड्रेस पाण्यात जड होतो आणि पायांत गुंततो. लेगिंग आणि पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट न्या, उन्हाचंही भागतं.

दुसऱ्या दिवशी मॉलिनीयर. राजधानी सेंट जॉर्जेसच्या उत्तरेला काही किलोमीटरवर 2006 साली जेसन डीकायर्स टेलर यांनी समुद्राच्या तळाशी शिल्पं ठेवली. हातात हात धरून बाहेर तोंड करून उभ्या असलेल्या मुलांचं कडं त्यातलं सर्वात प्रसिद्ध. ती साधारण पाच मीटरवर आहेत, म्हणजे पृष्ठभागावर तरंगूनही दिसतात. बोटवाल्याला आधीच सांगा की एकीला पोहता येत नाही: लाईफ जॅकेट, तरंगतं कडं आणि त्याला धरून पुढे नेणारा माणूस, तिन्ही हवीत. पाण्यात उतरायचंच नसेल तर काचेच्या तळाची बोट मिळते. सकाळी साडेआठ-नऊची वेळ घ्या. नंतर वारा आणि बोटी वाढतात. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर एक दिवस पुढे ढकला, कारण डोंगरातला गाळ खाडीत उतरतो आणि हातभरही दिसत नाही.

पूर्वेकडचे किनारे बघण्यासाठी आहेत, पोहण्यासाठी नाहीत. तिथे अटलांटिकची लाट आहे, आणि उन्हाळ्यात सारगॅसम शेवाळाचे ढीग येऊन कुजतात, त्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतो. उत्तरेला बाथवे किनाऱ्यावर खडकाच्या नैसर्गिक भिंतीआड पाणी निवांत आहे. भिंतीपलीकडे जाऊ नका, ओढ फार जोराची असते. आणि कुठल्याही किनाऱ्यावर हिरव्या, लिंबाएवढ्या सफरचंदासारखी फळं खाली पडलेली दिसली तर ते झाड मँचिनील असू शकतं. फळ विषारी, चीकही विषारी. पावसात त्याच्या खाली आडोशाला उभं राहिलं तर ठिबकणाऱ्या पाण्यानंही कातडीला फोड येतात.

बेटाच्या आतल्या भागासाठी दोन दिवस राखून ठेवा. क्रूझच्या चार तासांत जे सुटतं ते हेच. पहिला दिवस ग्रँड एटांगचा: साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरचं ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, धुकं, मोना माकडं (त्यांना खाऊ घालू नका, चावतात) आणि जवळच सेव्हन सिस्टर्स धबधबे. धबधब्यांची वाट एका बाजूला पाऊण तासाची, खाजगी बागेतून जाते, थोडं शुल्क घेतात आणि काठी देतात. काठी घ्या. लाल चिकणमाती मेमध्येही निसरडी असते, आणि सपाट तळाच्या चपला घालून गेलेले लोक उतारावर बसूनच खाली येतात.

दुसरा दिवस उत्तरेचा, आणि तो सोमवार ते शुक्रवारमध्येच बसवा. हा वार चुकला की अर्धा दिवस बंद दारं बघण्यात जातो: गुयावचं जायफळ केंद्र शनिवार-रविवारी चालत नाही, बेलमाँट इस्टेट हा कोकोचा मळा शनिवारी बंद असतो. सकाळी आठला निघा, पश्चिम किनाऱ्यानं वर जा: आधी गुयाव, मग सोटर्स, बाराच्या सुमारास बेलमाँटला जेवण, मग रिव्हर अँटोइनची रमभट्टी, आणि ग्रेनव्हिलवरून ग्रँड एटांगच्या घाटानं परत. उलट्या दिशेनं गेलात तर गुयावला पोचेपर्यंत केंद्र बंद व्हायची वेळ होते.

गुयावला घाई करू नका. श्रीखंडावर आणि पुरणात किसून घालतो ते जायफळ या बेटाच्या झेंड्यावर आहे. झाडावरचं फळ पिवळं, जर्दाळूएवढं. पिकलं की शिवणीवर आपोआप उकलतं आणि आत चकचकीत काळपट तपकिरी बी दिसते, तिच्याभोवती लालभडक जाळी आवळून बसलेली. ती जाळी म्हणजे जायपत्री. ओली असताना ती मेणासारखी मऊ लागते, बोटानं अलगद सोलून निघते. वाळली की नारिंगी-पिवळी आणि ठिसूळ होते, जशी आपण डब्यातून काढतो तशी. केंद्रात बिया लाकडी फळ्यांवर सहा ते आठ आठवडे पसरतात आणि लाकडी दात्यांनी फिरवत राहतात, नाहीतर बुरशी धरते. बी कानाशी धरून हलवा: आतला गर खुळखुळला की वाळली. फोडल्यावर गर पाण्यात टाकतात. बुडालेले चांगले, तरंगणारे हलके, ते तेलासाठी जातात. त्यानंतर बायका हातानं निवडतात आणि आकारानुसार पोती भरतात. घरी आणायला कवचातली बी घ्या, सुगंध कवचात वर्षानुवर्षं टिकतो. पण ती दुकानातली, पाकीटबंद आणि सुकलेलीच हवी, आणि कस्टम्सच्या फॉर्मवर लिहा. ओली फळं आणि कोकोच्या शेंगा अमेरिकेतही अडतात, भारतातही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जायफळाच्या जाती आहेत, कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत झाडं वाढतात. बीसाठी ग्रेनेडाहून चोरून आणण्याचा मोह टाळा.

बेलमाँटला कोको आंबवून मोठ्या लाकडी तबकांवर उन्हात वाळवतात आणि दर अर्ध्या तासानं माणसं त्यावरून पाय घासत चालतात, म्हणजे बिया उलटतात. तुम्हालाही चालू देतात. सोटर्सला कड्यावर पाच मिनिटं थांबा. 1651 मध्ये फ्रेंचांच्या हाती लागण्यापेक्षा तिथल्या मूळ रहिवासी कॅरिब लोकांनी याच कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. रिव्हर अँटोइन 1785 पासून रम गाळते, ऊस अजून पाणचक्कीवर पिळतात. तिथली कडक रम 75 टक्क्यांवर जाते आणि 70 टक्क्यांपुढचं मद्य विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. म्हणून तिथेच 69 टक्क्यांची बाटली विकतात. भेट म्हणून न्यायची तर ती घ्या.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर स्थानिक परवाना काढावा लागतो, भाडं देणारेच तो करून देतात. रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवायचं, भारतात शिकलेल्याला ते सोपं. अमेरिकेत वीस वर्षं चालवलेल्यानं मात्र पहिल्या दिवशी फक्त विमानतळाचा सरळ रस्ता करावा. कडेला उघडी काँक्रीटची गटारं आहेत, चाक उतरलं की क्रेन लागते. उत्तरेच्या दिवसासाठी चालकासह गाडी घेतलेली बरी, रम चाखायची असेल तर नक्कीच. गावात जायला 1 नंबरची मिनीबस पुरते; उतरायचं असलं की छतावर टकटक करायची. रविवारी बस जवळजवळ नसतात. कुणालाही काही विचारण्याआधी 'गुड मॉर्निंग' म्हणा, न म्हणणं तिथे उर्मटपणा समजतात. आणि सैनिकी छपाईचे कपडे बॅगेतच घालू नका. सामान्य माणसानं ते घालणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे.

कॅरियाकूचा मोह या खेपेला सोडा. फेरीबोट दीड-दोन तास घेते, जाताना समुद्र खवळलेला असतो, आणि सात रात्रींत त्यासाठी दोन दिवस द्यावे लागतील.

वाढदिवसाचा दिवस मुक्कामाच्या मधोमध, चौथा किंवा पाचवा ठेवा. पहिले दोन दिवस थकवा असतो, शेवटच्या दिवशी मन परतीच्या तयारीत. त्या दिवशी सकाळी काहीही ठरवू नका. मेमध्ये सूर्य साधारण साडेसहाच्या थोडं आधी मावळतो आणि विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश पंचवीस मिनिटांत संपतो, म्हणून किनाऱ्यावरच्या जेवणाचं टेबल साडेपाचचं घ्या. सातचं घेतलंत तर समुद्र नुसता ऐकू येईल. किनारे सगळे सार्वजनिक आहेत, दोघांनी पुन्हा हार घालायचे असतील तर कसलाही परवाना लागत नाही. पैठणी नेणार असाल तर वाळूत फोटोपुरतीच नेसा, खारी हवा जरीला काळी करते. खोलीवर येताच ती सावलीत वाऱ्यावर टाका, आणि मगच सुती कापडात गुंडाळून ठेवा. अंधार पडताना वाळूतल्या बारीक माश्या घोट्यांना चावतात, तेव्हा बसण्याआधी पायांना माश्या दूर ठेवणारं मलम लावायला विसरू नका.